हवेला भिणारे आल्हाट अण्णा

आल्हाट अण्णांच्या शर्टाच्या खिशात एक गोल आरसा असतो. दाढीचा असतो तसला, स्टीलच्या कडेचा. केस नीट करायला ठेवत असतील म्हणाल, तर अण्णांच्या डोक्यावर तेवढा ऐवज शिल्लक नाही. तो आरसा हवेसाठी आहे. कंपनीत कुठंही हवेची नळी दिसली की अण्णा तिची चावी सोडतात, फस्सकन हवा सुटते आणि अण्णा तिच्यापुढे आरसा धरतात. मग तो उजेडाकडे तिरका करून एक डोळा मिटून बघतात. त्यावरनं बोट फिरवतात. बोटाचा वास घेतात. एवढं सगळं झाल्यावर मान हलवून म्हणतात, "वंगाळ."

आरशावर थेंब दिसला तर वंगाळ. काहीच दिसलं नाही तर जास्त वंगाळ.

"अण्णा, ठणठणीत कोरडा आहे की आरसा!" मी नोकरीला लागले तेव्हा एकदा म्हणाले होते.

"दिसत न्हाई ना?" अण्णा म्हणाले. "मग असणारच."

आमची कंपनी महाळुंग्यात आहे. गाड्यांचे बंपर, आरशांची कव्हरं असले प्लास्टिकचे भाग आम्ही रंगवून देतो. मी तिथं पेंट शॉपची इंजिनिअर. आमच्या सबंध भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. वडील पिंपरीत फाउंड्रीत होते. माझ्या डिग्रीला आईनं काच लावून ती दारासमोर टांगलीय, आणि गॅसवाल्यालासुद्धा ती दाखवल्याशिवाय सिलिंडर आत घेत नाही. अशा मुलीला कागदावर सही मिळवायला आरसेवाल्या अण्णांच्या मागं फिरावं लागायचं. मला ते फारसं गोड वाटत नव्हतं.

ज्यांनी कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथं विजेखालोखाल राबते ती हवा. कंप्रेसर नावाचं धूड बाहेरची हवा ओढतं, दाबतं आणि पाइपातून सगळीकडं पाठवतं. नट तीच आवळते, दार तीच उघडते, रंग तीच उडवते. पण हवा दाबून थंड झाली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बसते. शिवाय कंप्रेसरमधनं येता येता ती थोडं तेल चाटून घेते, जुन्या पाइपांचा गंज उचलते. हे सगळं रंगाच्या गनमधून बंपरवर गेलं की संपलं. पाण्यानं फोड येतो. तेलानं गोल खळगा पडतो, त्याला आम्ही माशाचा डोळा म्हणतो. एखाद्या दिवशी काळ्या बंपरांवर असे डोळेच डोळे उठतात आणि सबंध लॉट आपल्याकडं टकामका बघत बसतो. म्हणून हवेला आधी वाळवायचं आणि गाळायचं. त्यासाठी ड्रायर आणि फिल्टर. या सगळ्या संसाराचे, म्हणजे कंप्रेसर रूमचे, कर्ते पुरुष अण्णा.

गेटवर सिक्युरिटी बॅगा तपासते, पेंट शॉपच्या दारात अण्णा डोकी तपासतात. केसांच्या सिरममध्ये, डिओमध्ये सिलिकॉन असतं आणि त्याचा नुसता वारा लागला तरी रंग फाटतो, हे अगदी खरं आहे. पण अण्णा खऱ्यापाशी थांबत नाहीत. एचआरच्या नव्या बाई ओळख करून घ्यायला आल्या, तेव्हा अण्णांनी हात जोडले, वाकून त्यांच्या डोक्याभोवतीची हवा हुंगली आणि विचारलं, "काय लावता?"

तक्रार वर गेली. प्लँट हेड साहेबांनी अण्णांना केबिनमध्ये घेतलं.

"साहेब, बाईमानसाचा अपमान करायचा माझा इचार न्हवता," अण्णा म्हणाले. "पन तुमी बी जरा हिकडं वाका."

एकदा आमच्यातल्या एकाच्या मुलीचा वाढदिवस होता, चिखलीत. सजावटवाल्यानं फुगे फुगवायला छोटा विजेचा पंप आणला होता. सगळे पावभाजीवर तुटून पडलेले, आणि अण्णा त्या पंपापुढं आरसा धरून उभे. मग त्यांनी एक फुगा हातात घेतला, उजेडात धरला आणि उत्सवमूर्तीच्या आजीला गंभीरपणे सांगितलं, "ह्यात पानी हाय." आजींना वाटलं काहीतरी अशुभ. त्यांनी सगळे फुगे खाली उतरवले. पोरगी रडून लाल झाली.

अण्णा मोशीचे, जुन्या घरचे. शेतं होती तिथं आता इमारती आहेत आणि त्यातली एक अण्णांची स्वतःची. भाडेकरू वरच्या मजल्यांवर राहतात, अण्णा तळमजल्यावर. कारण लिफ्ट. मालक असून त्यांनी स्वतःच्या लिफ्टमध्ये पाऊल ठेवलेलं नाही. "समजा मधीच थांबली," म्हणतात. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा, काच उघडी, पाऊस आत आला तरी उघडी. "समजा दार आडाकलं." हेल्मेट नको म्हणून दुचाकीच सोडली. बंद म्हटलं की अण्णांचा जीव वर-खाली होतो. पोरं विचारतात, "अण्णा, भाड्यावर मजेत बसाल घरी, कशाला ही हमाली?" अण्णा आरसा काढून काच पुसत बसतात.

हे "समजा" फार वाईट. आपण आधी हसतो. मग एक दिवस आपल्याच डोक्यात ते सुरू होतं. मी घरी कुकरचं झाकण उघडलं की आतल्या बाजूचे थेंब निरखायला लागले. आई म्हणाली, "नोकरी लागलीय का झपाटलंय कुणी?"

तर झालं असं की कंपनीत नवीन रंगाची लाइन यायची ठरली. तिच्यासाठी हवा वाळवायचं आणि गाळायचं सामान निवडायचं काम माझ्याकडं आलं. माझी पहिली स्वतंत्र निवड. कागदावर माझी सही आणि शेजारी अण्णांची, दोन्ही पाहिजेत. साहेब म्हणाले, "दोघं मिळून ठरवा. माझं डोकं खाऊ नका. गिऱ्हाइकाचं ऑडिट यायच्या आत लाइन फिरली पाहिजे."

ड्रायरवाल्यांचा माणूस आला. गुळगुळीत दाढी, लॅपटॉप, टाय. अण्णांनी दारातच त्याला हुंगलं, तिथंच त्याचं अवसान निम्मं झालं. तो म्हणाला, एकच रेफ्रिजरेटेड ड्रायर बसवा, सगळ्या प्लँटला पुरेल. हा ड्रायर आपल्या फ्रिजसारखाच. हवा गार करतो, पाणी खाली गळतं, कोरडी हवा पुढं जाते.

"समजा लाइट गेली," अण्णा म्हणाले.

"परत आली की चालू होतो, सर."

"समजा पानी खाली गळायची तोटी तुंबली."

"ऑटोमॅटिक आहे, सर."

"आटोमॅटिक तुंबली."

तो पाणी प्यायला.

"समजा पाइप भाहेरनं गेलाय आन् थंडी पडलीय. तुमच्या ड्रायरपेक्षा भाहेर जास्त गार. मग?"

"अण्णा," मी म्हणाले, "महाळुंग्यात बर्फ पडत नाही."

"आजपातूर न्हाई पडला."

त्या माणसानं पुन्हा पाणी घेतलं. जाताना लॅपटॉपचा चार्जर विसरला, तो न्यायलासुद्धा परत आला नाही.

अण्णांची स्वतःची योजना वेगळीच होती. ड्रायरपुढं ड्रायर, फिल्टरपुढं फिल्टर, आणि शेवटी भरवसा म्हणून अजून एक फिल्टर. मी पेन घेऊन बसले. म्हटलं, अण्णा, प्रत्येक फिल्टर म्हणजे टोलनाका. हवा तिथं थोडा दाब देऊनच पुढं सरकते. तुमच्या रस्त्यानं गेली तर गनपर्यंत पोचेस्तोवर तिच्यात फुंकर मारायचीही ताकद राहणार नाही. मग मी त्यांना माझी निवड समजावली. सगळ्या प्लँटला फ्रिजवाला ड्रायर, नट आवळायला तेवढी कोरडी हवा पुष्कळ झाली. रंगाच्या लाइनला तेवढाच एक दाण्यांचा ड्रायर. त्यातले पांढरे दाणे पाणी शोषतात, हवा खणखणीत कोरडी होते. पण ते दाणे परत वाळवायला ड्रायर आपलीच थोडी कोरडी हवा खातो, म्हणून तो उगाच सगळीकडं बसवायचा नाही. ड्रायरच्या आधी थेंब पकडणारा फिल्टर, नंतर दाण्यांची भुकटी आणि तेल पकडणारा. बस्स.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. पेन उघडलं. कागदावर टेकवलं. आणि उचललं.

"आन् टोपाचं काय?"

आता टोप म्हणजे काय ते सांगायला हवं. नव्या लाइनचा रंग दोन भाग मिसळून करायचा होता. त्यातला दुसरा भाग फुप्फुसाला फार वाईट, नुसता रुमाल बांधून चालत नाही. म्हणून पेंटरनं डोकं पूर्ण झाकणारा हूड घालायचा, पुढं काच, मागून नळी, नळीतून श्वासाला हवा. आमची माणसं त्या हुडाला टोप म्हणतात. आणि टोपात येणारी हवा कुठली? तीच, कंप्रेसरची. ज्या हवेनं आपण धूळ उडवतो, ती सरळ एका माणसाच्या नाकात.

"टोपाला वास काढणारा कार्बनचा फिल्टर घेतलाय," मी म्हणाले.

"वास आला न्हाई म्हंजी काय न्हाई, असं व्हय?"

त्या वेळी मला हसू आलं नाही. रंग बिघडला तर बंपर घासून परत रंगवता येतो.

"चला," मी म्हणाले, "कंप्रेसर कुठली हवा ओढतो ते तरी बघू."

आम्ही कंप्रेसर रूमच्या मागं गेलो. मे महिना, ऊन असं की पत्रे कडकड वाजत होते. तिथं भिंतीलगत एक कडुनिंब आहे आणि माल न्यायला आलेले टेम्पोवाले त्याच्या सावलीत थांबतात. रफिकभाईंचा टेम्पो उभा होता, इंजिन चालू. रफिकभाई स्टेअरिंगवर पाय टाकून झोपले होते.

"ओ रफिकभाई! बंद करा की गाडी," मी ओरडले.

त्यांनी एक डोळा उघडला. "सेल्फ मारत नाही, म्याडम. बंद केली तर सकाळपर्यंत इथंच. धक्का कोण देणार, अण्णा?"

"रोज चालू ठेवता?"

"मी काय, सगळेच. माल भरेस्तोवर."

मी वर बघितलं. टेम्पोचा धूर सावकाश भिंतीला लागून वर चढत होता. वर भिंतीत एक जाळी होती. तिथपर्यंत पोचला की तो धूर एकदम वाकायचा आणि सरसर आत शिरायचा, कुणीतरी आतून श्वास घ्यावा तसा. जाळीच्या मागं कंप्रेसरचं तोंड होतं. नवी लाइनही याच कंप्रेसरवर चालणार होती.

 धुरातली काजळी फिल्टर पकडेल, वास कार्बन पकडेल. पण धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा एक वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. ड्रायर त्याला हात लावत नाही, फिल्टर त्याला ओळखत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ती त्याच्यामुळं. टोपातल्या माणसाला आधी डोकं दुखल्यासारखं वाटलं असतं. तो म्हणाला असता, ऊन लागलं.

हे मी अण्णांना सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, "दिसत न्हाई ना?" पण अण्णा जाळीकडं बघत राहिले.  एवढ्या वर्षांच्या भीतीला अचानक नाव आणि पत्ता मिळाला होता, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नव्हतं.

मग मी कागद फाडून नवीन केला. हवा ओढायचं तोंड पलीकडच्या भिंतीला, उंच, धुराड्यांपासून आणि टेम्पोंपासून लांब. टोपांच्या लाइनला एक वेगळा डबा, ज्यातल्या मसाल्यावरून जाताना हा वायू निरुपद्रवी होतो. आणि दोन अलार्म. एक डब्याच्या आधी, म्हणजे धूर आला हे कळेल. दुसरा डब्याच्या नंतर, म्हणजे धूर डब्यातून निसटला तर कळेल. भीती अण्णांची, आकडेमोड माझी. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण मंजूर केलं. अण्णांनी सही करताना डोळे मिटले होते. सही ओळीच्या बाहेर गेली.

सामान आलं, बसलं. हवेचे नमुने तपासून आले, चांगले आले. उद्यापासून ट्रायल म्हणून मी पेंटर मान्यांना टोप दाखवायला बोलावलं, तर माने हात मागं बांधून उभे.

माने बीडकडचे. हात असा की बंपरवर रंगाचा एक ओघळ दिसणार नाही. घाबरट अजिबात नाहीत.

"म्या न्हाई घालणार ते," माने म्हणाले.

"का हो?"

"अण्णा समद्या कँटीनमधी सांगत होते की, टोपात इख येतंय म्हणून. कळायच्या आत माणूस खलास. म्या रुमाल बांधतो आपला."

"माने, रुमालानं काही होत नाही. तो रंग रोज थोडा थोडा छातीत जाईल. रुमाल जास्त धोक्याचा आहे!"

"रुमाल काढून फेकता येतो, म्याडम. ते डोक्यात घट्ट बसतंय, नळी लावून. माझ्या पोरी ल्हान हायेत."

दुसऱ्या पेंटरनंही मान हलवली. मी अण्णांकडं गेले आणि खरं सांगायचं तर चांगली भडकले. "अण्णा, तुम्ही माणसांना एवढं भिववून ठेवलंय की आता ती चांगल्या हवेला नाही म्हणतायत आणि विषाला हो म्हणतायत! काय मिळवलंत?"

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "रुमाल बांधतो म्हनला?"

"हो. रुमाल."

ते बराच वेळ बोटानं टेबलावरची धूळ गोळा करत राहिले. मग उठले आणि कुठंतरी निघून गेले. मला वाटलं, बस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंग मारायच्या बूथपाशी पोचले, तर अण्णा आत होते. डोक्यात टोप.

ज्यांनी स्वतःच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकलं नाही, ते अण्णा एका बंद काचेच्या खोलीत, डोक्यावर बंद टोप घालून, रंगाच्या उलट्या डब्यावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. काचेतून त्यांचे डोळे दिसत होते, गाईच्या वासराचे असतात तसे मोठे. बाहेर माने, दुसरा पेंटर, अजून दोघं-तिघं गोळा झालेले.

"कधीपासून बसलेत?" मी विचारलं.

"आमी आलो तवापासून," माने म्हणाले. "हलत बी न्हाईत. जित्ते हायेत ना?"

अण्णांनी जणू ते ऐकलं असावं तसा एक हात वर केला आणि परत गुडघ्यावर ठेवला.

तेवढ्यात अलार्म वाजला.

तो आवाज मी अलार्मवाल्या कंपनीच्या माणसासमोर तपासताना ऐकला होता, पण तेव्हा आत कुणी नव्हतं. आता तो किंचाळत होता, लाल दिवा फिरत होता, आणि आत अण्णा.  मी काचेवर मुठी आपटल्या. "अण्णा! काढा! टोप काढा!" अण्णांनी आतून तळहात दाखवला. थांब. मी दार उघडून आत घुसले आणि त्यांच्या डोक्यावरनं टोप ओढून काढला.

अण्णा घामानं निथळत होते.  त्यांनी आधी एक मोठा श्वास घेतला आणि विचारलं, "वाजला का?"

"वाजला! चला बाहेर!"

"पयला का दुसरा?"

"पहिला!"

"आन् दुसरा?"

मी दारातून मान वळवून बघितलं. दुसरा दिवा हिरवा होता. शांत. धूर आला होता आणि डब्याच्या पुढं गेला नव्हता.

इतक्यात पेंट शॉपच्या दारातून रफिकभाईंचं डोकं आत आलं. "अण्णा, झालं का? का अजून रेस करू?"

कुणाला काही कळेना. मग एकदम मला कळलं, आणि माझं रक्त तापलं. अण्णांनी रफिकभाईंना टेम्पो पलीकडच्या भिंतीला, हवेच्या नव्या तोंडाखाली लावायला सांगितला होता. उंचीवर धूर पोचावा म्हणून सायलेन्सरला जुना पत्र्याचा पाइप बांधला होता. आणि मग स्वतः येऊन टोपात बसले होते.

"तुम्हाला मरायचं होतं का?" मी ओरडले. "तपासायला त्याचा खास गॅस मिळतो, अण्णा, बाटलीत! परवा तपासलंय मी!"

"बाटलीतला गॅस बाटलीवाल्याचा," अण्णा म्हणाले. "टेंपो आपला हाय."

"आणि अलार्म वाजला नसता तर?"

"मग काय, मान्याच्या डोक्यावर ट्राय घ्यायची?"

रफिकभाईंचा चेहरा उतरला होता. "या अल्ला. अण्णा, तुम्ही आत होता? मला म्हणालात मशीनचं टेस्टिंग आहे. मी तर पाय दाबून रेस केली!"

"चांगली केली. बस जा, च्या पी."

मी साहेबांकडं तक्रार करायची ठरवली होती. केलीही. अण्णांना ताकीद मिळाली, आणि ती मिळायलाच हवी होती, असलं काम पुन्हा कुणी करू नये. पण तो नंतरचा भाग. त्या वेळी काय झालं, तर माने पुढं झाले. त्यांनी अलार्मच्या पॅनेलकडं बघितलं. ते अजून कुरकुरत होतं.

"ह्ये बोंबलतंय," माने म्हणाले. "म्हंजी ह्याला दिसतंय."

"हो, माने. आपल्याला नाही दिसत, त्याला दिसतं."

मान्यांनी माझ्या हातातला टोप घेतला, उलटा करून आत बघितलं. "अण्णा, किती घाम काढलाय ओ. फडकं द्या कुणीतरी."

लाइन फिरली, ऑडिट झालं, बंपरांवर डोळे उठले नाहीत. कडुनिंबाखाली आता टेम्पो थांबू देत नाहीत. रफिकभाईंनी सेल्फ दुरुस्त करून घेतला, आणि अण्णा भेटले की शिवी दिल्यासारखा सलाम करतात. अण्णा सुधारले का? छे. कँटीनच्या चहाच्या किटलीपुढं कालच आरसा धरला होता.

पावसाळ्यात अण्णा तापानं आजारी पडले. मला आठवतं तसं पहिल्यांदाच घरी राहिले. सकाळी लाइन सुरू व्हायच्या आधी त्यांचा फोन आला.

"माने आला?"

"आले, अण्णा. तुम्ही झोपा."

"टोप घातला?"

"घालतायत आता. दिवे दोन्ही हिरवे आहेत."

"तू कुठं हायेस? बूथात फोन न्हेला न्हाईस ना? समजा ठिणगी उडली."

"नाही हो. बाहेर आहे, पॅनेलपाशी."

"मग जरा टोपाजवळ धर फोन. हवा सोड."

बूथच्या बाहेर खुंटीला टोप होता. मी चावी सोडली आणि फोन तिथं धरला. बारीक, सलग, सूं असा आवाज. फोनमधून काही बोलणं येईना. मी फोन परत कानाला लावला. पलीकडं अगदी सामसूम होती. भांडं नाही, टीव्ही नाही, कुणाचं खोकणं नाही.

"अण्णा, काकू कुठायत? कुणी आहे ना जवळ?"

"ती व्हय? ती पोराकडं ऱ्हाती, हिंजवडीला. नातवाला बघायला तिकडं कुनी न्हाई. दोघं बी कामावर."

"येऊन-जाऊन असतील ना?"

"ट्राफिक लई असतं पोरी तिकडं," अण्णा म्हणाले.  "आता येतील दिवाळीला."

मी गोळ्या घेतल्या का विचारलं. घेतल्या म्हणाले. भाडेकरूंच्या बाईंनी पेज दिली म्हणाले. मग म्हटलं, "ठेवू का फोन, अण्णा?"

"ठेव की." आणि लगेच, "न्हाई, ऱ्हाऊ दे जरा. मान्या काम धरंस्तवर."

मी स्पीकर लावून फोन पॅनेलच्या वर, हवेच्या पाइपाला टेकवून ठेवला. माने टोप घ्यायला आले. त्यांनी फोनवरचं नाव वाचलं, टोप डोक्यात घातला, नळी लावली आणि आतल्या आवाजाच्या वर मोठ्यानं ओरडले, "लागतीया अण्णा हवा! झ्याक लागतीया!"

"सावकाश घे रं बाबा," फोन म्हणाला. "सावकाश."

मी माझ्या कामाला गेले. जेवणाच्या सुट्टीत आठवण झाली म्हणून धावत परत आले. कॉल चालूच होता. पाइपात हवा सूं वाजत होती आणि फोनमधून, अगदी संथ, घोरण्याचा आवाज येत होता.

बॅटरी लाल झाली होती. मी टेबलावरून चार्जर आणला, फोनला लावला आणि कॉल तसाच राहू दिला.